फ्रेंच बँकेच्या साहेबाचं करिअर कसं वाचायचं: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉमर्सच्या पोरांसाठी

गेल्या मे महिन्यात खानापूर तालुक्यातली एक पोरगी ज्याँ-लोराँ बोनाफे यांचा परिचय प्रिंट काढून घेऊन आली. बीएनपी पारिबा या फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या बँकेचे सीईओ. हायलायटरनं कागद पिवळाधमक केला होता आणि पिवळं काय केलं होतं तर सगळी पदं. चीफ ऑपरेटिंग ऑफिसर पिवळं, सीईओ पिवळं, संचालक पिवळं. वर्षं तशीच पांढरी, गावं पांढरी, कुठल्या खात्यात काय काम केलं ते पण पांढरं. मी म्हटलं बाई, नेमकं उलटं केलंस, पदं सोड आणि बाकीचं पिवळं कर.

हे लिहायचं कारण तेवढंच. दरवर्षी निकाल लागला की पोरं येतात, सर मला पण असल्या बँकेत जायचंय, काय करू म्हणून विचारतात, आणि प्रत्येकाला तेच सांगून घसा बसतो. माझं स्वतःचं म्हणाल तर बी.कॉम. बेळगावातच, मग चार वर्षं एका सोसायटीत क्लार्क, मग बेंगळूरमध्ये एका फ्रेंच बँकेच्या बॅक ऑफिसात नऊ वर्षं, आता परत गावाकडं. सीईओ वगैरे काही झालो नाही पण त्या लोकांच्या फायली, त्यांचे मेल, त्यांची मीटिंगची पद्धत जवळनं बघितली, त्यामुळं चार गोष्टी सांगू शकतो.

आधी कागद कुठला घ्यायचा ते. मोटिव्हेशनल व्हिडिओ बघू नका, त्यात सगळेच पहाटे चारला उठतात. फ्रान्समधली शेअर बाजारात असलेली मोठी कंपनी दरवर्षी एक जाडजूड दस्तऐवज काढते, युनिव्हर्सल रजिस्ट्रेशन डॉक्युमेंट म्हणतात, तिथल्या बाजार नियामकाकडं तो जमा होतो आणि बँकेच्या साइटवर इंग्रजीत फुकट मिळतो. शेकडो पानं असतात, घाबरू नका, कॉर्पोरेट गव्हर्नन्सचा चॅप्टर उघडा. तिथं प्रत्येक संचालकाचं शिक्षण, आधीची कामं, दुसऱ्या कुठल्या कंपन्यांच्या बोर्डावर आहे, नावावर किती शेअर आहेत, सगळं दिलेलं असतंय. पगार पण असतोय पण तो शेवटी बघा, आकडा डोक्यात बसला की बाकीचं वाचून होत नाही. एवढंच लक्षात ठेवा की युरोपियन युनियनमध्ये बँकवाल्यांच्या बोनसला कायद्यानं लगाम आहे, बोनस मूळ पगाराएवढाच, शेअरहोल्डरांनी मंजुरी दिली तर जास्तीत जास्त दुप्पट.

आता एक खड्डा आहे ज्यात आपल्याकडची सगळी पोरं पडतात, मी पण पडलोय. फ्रेंचमध्ये 'दिरेक्तर' म्हणजे आपला संचालक नव्हे. आपल्या सोसायटीत कसं, संचालक मंडळ निवडून येतंय आणि मॅनेजर, सेक्रेटरी पगारी असतात, तसंच तिथं पण दोन वेगळे आहेत, फक्त शब्द फसवतात. बोर्डावर बसणाऱ्याला ते 'अद्मिनिस्त्रातर' म्हणतात आणि 'दिरेक्तर' हा पगारी साहेब, एखाद्या खात्याचा किंवा शाखेचा प्रमुख सुद्धा दिरेक्तरच असतो. 'दिरेक्तर जेनेराल' म्हणजे सीईओ, त्याच्या खालचा 'देलेगे' म्हणजे डेप्युटी, आणि 'प्रेझिदाँ' म्हणजे बोर्डाचा चेअरमन. चेअरमन आणि सीईओ एकच माणूस असला तर त्याला तीन अक्षरात पे-दे-जे म्हणतात. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका दिरेक्तरचा मेल आला आणि मला वाटलं बोर्डाचा माणूस आपल्याला मेल करालाय, हातपाय गार पडले, नंतर कळलं की तो पॅरिसमधल्या एका टीमचा हेड.

मग वही घ्या. दोनशे पानी साधी वही, आडवी धरा आणि पाच रकाने आखा: साल, गाव, टेबल, त्या साली बँकेत काय जळत होतं, आणि ती खुर्ची रिकामी कशी झाली. टेबल म्हणजे तो माणूस रोज नेमकं कुठलं काम हातानं करत होता, कर्जाचं, हिशोबाचं, तपासणीचं, वसुलीचं. पदाचा रकाना मुद्दाम ठेवला नाही.

बोनाफेंपासून सुरू करूया. १९६१ चा जन्म, शिक्षण एकोल पोलितेक्निक, ही शाळा १७९४ पासूनची आहे आणि आजही तिथल्या संरक्षण खात्याच्या ताब्यात आहे. बारावीनंतर दोन वर्षं नुसती तयारी करायची आणि मग देशभरातली स्पर्धा परीक्षा देऊन असल्या शाळांत शिरायचं, अशी तिथली रीत. त्यानंतर सरकारी उद्योग खात्यात नोकरी आणि १९९३ मध्ये बीएनपीत. सरकारी मोठी नोकरी करून मग खासगी बँकेत मोठ्या जागी जाणं हे तिथं इतकं नेहमीचं आहे की त्याला शब्दच आहे, 'पाँतूफ्लाज', पाँतूफ्ल म्हणजे घरात घालायच्या मऊ सपाता. हा दरवाजा आपला नाही, सरळ सांगतो. यूपीएससी आणि आयआयटी दोन्ही करून मग बँकेत जावं तसला प्रकार आहे तो, आणि फ्रेंच असल्याशिवाय तिथं जवळपास जमत नाही. म्हणून शिक्षणाच्या ओळीवर हळहळत बसू नका, १९९३ नंतरच्या ओळी बघा.

१९९३: मोठ्या कंपन्यांना कर्ज देणारं टेबल. १९९७: स्ट्रॅटेजीचं टेबल. १९९९ ला बीएनपीनं एकाच वेळी दोन बँका विकत घ्यायला बोली लावली, सोसिएते जेनेराल आणि पारिबा, त्यातली पारिबा मिळाली आणि दुसरी हातची गेली. दोन बँका एकत्र करायचं किचकट काम ज्याच्याकडं आलं तो हा माणूस. २००२ ला फ्रान्समधल्या शाखांचं काम, मग इटलीत बीएनएल नावाची बँक विकत घेतली तर २००६ ते २००८ तिकडं, मग २००९ ला बेल्जियमची फोर्टिस घेतली तर तिकडं. १ डिसेंबर २०११ ला सीईओ. बघितलं काय, दर वेळी जिथं नवीन बँक विकत घेऊन गोंधळ उडालाय तिथं हा माणूस. कुणाला तरी जायचंच होतं, हा गेला.

फोर्टिसच्या ओळीवर मी पोरांना जरा जास्त वेळ थांबवतो. बेल्जियम म्हणजे आपलाच प्रकार आहे, एकाच देशात डच बोलणारे आणि फ्रेंच बोलणारे, भाषेची रेष नकाशावर आखलेली, आणि त्या रेषेवरनं राजकारण. २००८ च्या शेवटी फोर्टिसच्या विक्रीच्या प्रकरणातनं तिथलं सरकार पडलं. फेब्रुवारी २००९ मध्ये शेअरहोल्डरांनी नाही म्हटलं, एप्रिलमध्ये दुसऱ्या मतदानाला हो म्हटलं. आता विचार करा, पॅरिसचा माणूस ब्रसेल्सला जाऊन त्यांची सगळ्यात मोठी बँक चालवणार, काउंटरवर अर्धे लोक डच बोलणारे. सीमाभागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागत नाही. दोन वर्षांनी बोनाफे पॅरिसला परत गेले आणि त्यांच्या जागी बेल्जियमचाच माणूस नेमला. पाचव्या रकान्यात हे लिहायचं.

पाचवा रकाना का म्हणाल तर सोसिएते जेनेरालचं उदाहरण घ्या. जानेवारी २००८ मध्ये त्या बँकेत जेरोम केर्विएल नावाच्या ट्रेडरनं केलेल्या छुप्या सौद्यांमुळं ४.९ अब्ज युरोचं नुकसान बाहेर आलं. हा माणूस २००० साली मिडल ऑफिसात, म्हणजे सौदे तपासणाऱ्या बाजूला लागला होता, नंतर सौदे करणाऱ्या टेबलावर गेला, त्यामुळं तपासणी कुठं ढिली आहे ते त्याला आतनं माहीत होतं. त्याच वर्षी मे महिन्यात सीईओची खुर्ची बदलली आणि फ्रेदेरिक उदेआ बसले, जे २००३ पासून बँकेचे फायनान्स प्रमुख होते. २०२३ पर्यंत ते राहिले. पंचेचाळिशीच्या आत एवढी मोठी खुर्ची मिळाली हे सगळे सांगतात पण खुर्ची कशी रिकामी झाली ते लिहिलं नाही तर त्या ओळीला अर्थ नाही.

उदेआंच्या नंतर आले स्लावोमिर क्रुपा, नावावरनंच कळतंय मूळ पोलंडचं. १९९६ ला बँकेच्या इन्स्पेक्शन खात्यात लागले, १९९९ ला सोडून स्वतःची कंपनी काढली, २००२ ला परत त्याच खात्यात. हे इन्स्पेक्शन खातं फ्रेंच बँकांचं खास आहे, कॉलेजमधनं नुकती बाहेर पडलेली हुशार पोरं घेतात आणि काही वर्षं त्यांना बँकेच्या एका शाखेतनं दुसऱ्या शाखेत, एका देशातनं दुसऱ्या देशात नुसतं तपासायला पाठवतात. फाईल काढा, हिशोब लावा, रिपोर्ट लिहा, साहेबासमोर बसून त्याच्या चुका सांगा, पुढच्या गावाला चला. तिशीच्या आत पूर्ण बँक आतनं बघून होते. आपल्याकडं तपासणीचं काम म्हणजे शिक्षा समजतात, इन्स्पेक्शनला टाकलं म्हणजे साहेबाचा राग आहे असं धरतात. मला हे अजिबात पटत नाही. सोसायटीत असताना ऑडिटर आला की सगळे चहा आणायला पळायचे आणि मी त्याच्या शेजारी स्टूल घेऊन बसायचो, तेवढ्यातनं जे शिकलो ते कॉलेजात तीन वर्षांत शिकलो नव्हतो.

आता माझ्या मनातला माणूस. फिलिप ब्रासाक. पोरांना हे नाव माहीतच नसतंय आणि माझ्या मते बेळगाव जिल्ह्यातल्या पोरानं सगळ्यात आधी हेच करिअर वाचायला पाहिजे.

त्याच्यासाठी आधी क्रेदी अग्रिकोल म्हणजे काय ते समजून घ्या. १८८५ मध्ये ज्युरा भागातल्या सालाँ-ले-बाँ नावाच्या छोट्या गावात शेतकऱ्यांना कर्ज देण्यासाठी एक सोसायटी निघाली, तिथनं ही बँक वाढली. आजसुद्धा रचना तीच आहे, खाली सभासद, सभासदांच्या स्थानिक संस्था, त्यांच्या वर ३९ प्रादेशिक बँका, आणि सगळ्यांच्या वर पॅरिसजवळची मुख्य कंपनी जी शेअर बाजारात आहे पण तिचे निम्म्याहून जास्त शेअर ह्या ३९ बँकांच्याच हातात. म्हणजे खालच्यांनी वरची बँक धरलीय. आता आपल्याकडं बघा, गावात पीकेपीएस म्हणजे शेतकऱ्यांची प्राथमिक पत सोसायटी, तालुक्याला शाखा, जिल्ह्याला डीसीसी बँक, वर बेंगळूरला अपेक्स बँक. सांगाडा जवळपास तोच की! आणि आपण ह्यात काही मागनं आलेलो नाही, शेजारच्या गदगजवळ कणगिनहाळला १९०५ मध्ये सोसायटी निघाली, ती आशियातली पहिली कृषी पत संस्था मानतात, सिद्धनगौडा पाटलांनी काढलेली. गदग बेळगावपासून दीड-पावणेदोनशे किलोमीटर, एकदा जाऊन बघून या.

तर ब्रासाक. नीम गावचे, १९५९ चा जन्म, शिक्षण संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राचं. १९८२ ला क्रेदी अग्रिकोलच्या गार जिल्ह्याच्या बँकेत लागले, म्हणजे आपल्या हिशोबानं स्वतःच्याच जिल्ह्याच्या बँकेत. तिथं बारा वर्षं. वहीत ही ओळ लिहिताना पोरं पेन थांबवतात, बारा वर्षं एकाच जिल्ह्यात? हो. १९९४ ला शेजारच्या भागातल्या आल्प-मारितीमच्या बँकेत डेप्युटी. १९९९ ला मुख्य बँकेत पण टेबल कुठलं, तर प्रादेशिक बँकांशी संबंध ठेवायचं, म्हणजे खालच्यांचं गाऱ्हाणं वर सांगायचं आणि वरचा हुकूम खाली पटवायचा. २००१ ला परत खाली, प्रोव्हाँस-कोत दाझ्युर बँकेचा प्रमुख. २०१० ला सगळ्या प्रादेशिक बँकांच्या फेडरेशनचा सेक्रेटरी जनरल. आणि मे २०१५ ला मुख्य बँकेचा सीईओ, दहा वर्षं, २०२५ ला उतरले. त्यांच्या जागी ऑलिव्हिए गावाल्दा, ते सुद्धा प्रादेशिक बँकेतनंच वर आलेले.

वर गेले, खाली आले, परत वर गेले. आपल्याकडं हेड ऑफिसमधनं परत जिल्ह्याला आला की लोक म्हणतात ह्याचं काहीतरी बिनसलं. ब्रासाकांची ती २००१ ची ओळ बघा आणि मग बोला.

आता तुमच्या वहीचं. त्याच पाच रकान्यांत स्वतःच्या पुढच्या दहा वर्षांच्या ओळी पेन्सिलनं लिहायच्या. मी काय लिहीन ते सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

पहिली ओळ गावातच. सोसायटी, पीकेपीएस, अर्बन बँक, जिथं घेतील तिथं, पगार कमी असणार हे धरूनच चला. दोन वर्षं. पण टेबल बदलून मागायचं: सहा महिने रोजकीर्द आणि कॅश, सहा महिने सोनेतारण, सहा महिने वसुली, आणि पिग्मीवाल्याबरोबर एक महिना तरी फिरायचं. माझ्या पहिल्या वर्षी एका शनिवारी कॅश चाळीस रुपयांनी कमी आली. मी खिशातनं चाळीस रुपये काढून टाकायला लागलो तर सेक्रेटरी म्हणाले, "काय करालाईस? पैसे घालून फरक जातोय काय?" आणि मला बसवलं. एकेक व्हाउचर, एकेक पिग्मीची पावती, गल्लीतले दिवे लागले, रात्री नऊला सापडलं, दोनशे दहाची पावती दोनशे पन्नास म्हणून लिहिली होती, पिग्मीवाल्याचा एक आणि पाच सारखाच दिसायचा. पुढं बेंगळूरला रिकन्सिलिएशनचं, म्हणजे दोन बाजूंचे हिशोब जुळवायचं काम होतं, तिथं युरोच्या खात्यात लाखांचे फरक यायचे, पण शोधायची पद्धत तीच, आणि इंटरव्ह्यूला मी हीच चाळीस रुपयांची गोष्ट सांगितली होती. इंटरव्ह्यू घेणाऱ्या बाईंनी बाकी काही विचारलंच नाही म्हटलं तरी चालेल.

सरकारी बँकेचा रस्ता पण आहे, नको असं मी म्हणत नाही. ग्रामीण बँकेची आयबीपीएसची परीक्षा द्या, धारवाडची आणि बळ्ळारीची अशा दोन्ही ग्रामीण बँका १ मे २०२५ पासून एक झाल्यात, पण तिथं कन्नड लागतंय, वाचायला लिहायला बोलायला. मराठी शाळेतनं आलेल्या पोरांना हे कडू लागतं ते मला माहीत आहे, मलाही लागलं होतं. पण ब्रसेल्सची ओळ परत वाचा. घरात मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, ऑफिसात इंग्रजी, हे चार आपल्याला फुकटात मिळालेत, पॅरिसच्या साहेबाला दोन भाषा शिकायला पैसे मोजायला लागतात. अर्जात भाषांच्या रकान्यात चारही लिहा, लाजू नका. बँकेत एकदा कायम झालात की जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची परीक्षा लगेच द्या, पेपर चारच आहेत आणि लग्न झाल्यावर अभ्यास होत नाही हे अनुभवाचे बोल.

पाचवी भाषा फ्रेंच, हौस असेल तरच. पणजी, पुणे, बेंगळूर तिन्हीकडं आलियाँस फ्राँसेझ आहे, ऑनलाइन पण शिकवतात. डेल्फची परीक्षा ए-१ पासून बी-२ पर्यंत, सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. बॅक ऑफिसला काम इंग्रजीतच चालतंय पण ए-२ असला की ग्राहकाच्या फायलीतलं फ्रेंच पत्र तुमच्याकडं येतंय, दुसऱ्याकडं जात नाही.

दुसरी-तिसरी ओळ बेंगळूर, चेन्नई किंवा मुंबई. बीएनपी पारिबा आणि सोसिएते जेनेराल दोघांची मोठी काम करणारी केंद्रं तिकडं आहेत, केवायसी, पेमेंट, ट्रेड फायनान्स, रिस्क, आयटी असली कामं. रात्रीच्या गाडीनं बेळगावहून निघालं की सकाळी बेंगळूर. जॉब लावून देतो म्हणून पैसे मागणारा भेटला तर तिथनं उठा, गेल्या वर्षी आपल्यातल्याच दोघांचे पैसे गेले, बापानं ऊस बिलातले दिले होते. अर्ज बँकेच्या स्वतःच्या करिअरच्या पानावरनंच करायचा आणि त्याला एक रुपया लागत नाही. लागल्यावर पहिल्या दिवसापासून बघत राहा की तपासणीचं, कंट्रोलचं टेबल कुठं रिकामं होतंय, तिकडं सरका. आणि सुट्टी घ्या. संवेदनशील टेबलावरच्या माणसानं सलग सुट्टीवर जायलाच पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, कारण माणूस जागेवर नसतानाच टेबलाखालचं बाहेर येतंय. कधीच सुट्टी न घेणारा मेहनती असतो हे आपल्या डोक्यातनं काढायला पाहिजे.

एक शेवटचं, पॅरिसशी बोलायची पद्धत. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतात, हिवाळ्यात साडेचार, त्यामुळं घड्याळ बदलल्याच्या आठवड्यात मीटिंग चुकते, कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आणि फोन लागला की आधी 'बाँझुर' म्हणायचं, नाव घ्यायचं, मग काम. आपण सवयीनं थेट फाईलवर येतो, त्यांना ते उद्धट वाटतंय. मी पहिले सहा महिने तसंच केलं आणि पलीकडचा माणूस का तुटक बोलतो ते कळत नव्हतं, मग एकानं सांगितलं, दुसऱ्या दिवशी आधी बाँझुर म्हटलं आणि त्यानं विचारलं तुमच्याकडं पाऊस आहे काय. जुलै होता, आमच्या खानापूरला काय पाऊस असतोय ते त्याला सांगितलं, पाच मिनिटं तेच, आणि महिनाभर अडकलेली फाईल त्या दुपारी सुटली.